रकान्याबाहेरचे प्रेम : ‘द वर्ल्ड अनसीन’ या कादंबरीचा विचार

परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांच्या जीवनावर इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचे विषय ठरलेले असतात : मागे राहिलेल्या गावाची आठवण, दोन पिढ्यांमधील दुरावा आणि मुलाबाळांच्या लग्नांतून उद्भवणारे पेच. शमीम सरीफ यांची ‘द वर्ल्ड अनसीन’ ही २००१ साली प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी वरवर पाहता याच जातकुळीतली वाटते. तिला बेटी ट्रास्क पुरस्कार मिळाला, पुढे लेखिकेने स्वतःच तिच्यावर चित्रपट केला आणि तो २००७ साली टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटामुळे कादंबरीचे नाव सर्वतोमुखी झाले. पण त्याचबरोबर ‘दोन स्त्रियांच्या प्रेमाची धीट कथा’ असा एक शिक्का तिच्यावर बसला. धीटपणाच्या कौतुकात तिच्यातली अधिक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे शासनाचा लिखित कायदा आणि समाजाचा अलिखित कायदा यांचे परस्परांशी असलेले नाते. प्रस्तुत लेखात त्या अंगाने या कृतीकडे पाहण्याचा विचार आहे.

कथेची पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८६० साली मद्रासेहून निघालेले ‘ट्रुरो’ जहाज दरबानच्या बंदरात लागले आणि नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजुरांची वसाहत सुरू झाली. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख स्त्री-पुरुष तेथे गेले. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी, दुकानदार आणि कारागीर गेले. त्यांत गुजराती अधिक होते. परंतु केपटाऊनकडे गेलेल्यांत रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. शतकापूर्वी कोकणातून निघालेली ही मंडळी केपटाऊनमध्ये घरोघरी कोकणी बोलत, गावाकडे पैसे पाठवीत आणि सोयरिकीही गावाकडेच जुळवीत. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, ते प्रथम याच केपटाऊन बंदरात उतरले. तेव्हा हा प्रदेश नकाशावर दूर असला तरी आपल्याला अगदीच परका नाही.

सरीफ यांचे आईवडील १९६०च्या दशकाच्या आरंभी वर्णभेदी राजवटीला कंटाळून इंग्लंडला आले. त्यामुळे लेखिकेने हा काळ पाहिलेला नाही, घरच्यांकडून ऐकलेला आहे. ऐकीव आठवणींचे गुण आणि दोष हे दोन्ही या कादंबरीत उतरले आहेत. तिचा काळ १९५०च्या दशकाच्या आरंभीचा. मिरियम ही मुंबईहून लग्न होऊन आलेली तरुण स्त्री. नवरा ओमर कष्टाळू, अबोल आणि कठोर. शहरापासून दूर, वैराण माळावर तो दुकान काढतो आणि मिरियमचे जग दुकान, स्वयंपाकघर व मुले एवढ्यापुरते उरते. दुसरी नायिका अमीना. ती पँट घालते, मोटार हाकते, एकटी राहते आणि जेकब नावाच्या ‘कलर्ड’ म्हणजे संमिश्र वंशाच्या प्रौढ गृहस्थाबरोबर भागीदारीत उपाहारगृह चालवते. भारतीय समाजात तिच्याबद्दल कुजबुज आहे. दुकानालगत भाजीपाल्याचा मळा करायचा म्हणून ओमरच तिला मजुरीवर बोलावतो, आणि त्या मळ्याच्या निमित्ताने या दोघींची ओळख वाढते.

या मुख्य कथेला दोन उपकथा जोडलेल्या आहेत. ओमरची बहीण रहमत हिने एका गोऱ्या पुरुषाशी लग्न केले आहे आणि त्यापायी तिला देश सोडून पॅरिसला जावे लागले आहे. ती काही कामासाठी परत येते तेव्हा पोलीस तिच्या मागावर असतात आणि सख्ख्या भावाचे घरही तिला सुरक्षित वाटत नाही. दुसरी उपकथा जेकबची. टपाल कचेरीत काम करणाऱ्या मॅडेलीन या गोऱ्या बाईंशी त्याचा हळुवार स्नेह जुळतो. पण दोघांनी एकत्र बसून चहा घेणे हीसुद्धा जोखीम ठरते आणि ते नाते उमलण्याआधीच कोमेजते.

अशा प्रकारे लेखिकेने तीन निषिद्ध नाती शेजारी शेजारी मांडली आहेत. ही मांडणी कादंबरीचा कणा आहे आणि तिचे मर्म कळण्यासाठी त्या काळचे कायदे नजरेसमोर ठेवावे लागतात. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९४९ साली युरोपीय आणि बिगर-युरोपीय यांच्यातील विवाहांना बंदी करणारा अधिनियम झाला. १९५० साली विवाहबाह्य संबंधांवरील १९२७ची जुनी बंदी, जी पूर्वी गोरे आणि मूळ आफ्रिकन यांच्यापुरती होती, ती सर्व बिगर-गोऱ्यांपर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षी लोकसंख्या नोंदणीचा अधिनियम आला आणि प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरात नोंदवला जाऊ लागला; कोणी कुठे राहावे आणि कुठे व्यापार करावा हे ठरवणारा गट-क्षेत्रांचा अधिनियमही त्याच सालचा. शंका आली तर माणसाच्या केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की गळून पडते यावरून त्याचा वंश ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या वर्गांत पडल्याची उदाहरणे आहेत.

ज्याचे आयुष्य शासकीय कचेरीत गेले आहे, त्याला या साऱ्यातली एक गोष्ट विशेष जाणवते. असा कायदा दुष्ट माणसांच्या बळावर चालत नाही. तो नोंदवह्या, रकाने, शिक्के आणि वेळेवर कचेरीत येणाऱ्या सरळमार्गी कारकुनांच्या बळावर चालतो. रकान्यात लिहिलेले तेवढेच शासनाला दिसते. ज्याला रकाना नाही ते शासनाच्या लेखी घडलेलेच नसते. रहमतच्या लग्नासाठी १९४९च्या कायद्यात रकाना आहे, जेकब आणि मॅडेलीन यांच्या स्नेहासाठी १९५०च्या दुरुस्तीत आहे. अमीना आणि मिरियम या दोघी मात्र एकाच ‘भारतीय’ वर्गातल्या, दोघी स्त्रिया. त्यांच्या प्रेमासाठी दक्षिण आफ्रिकेच्या त्या वेळच्या कोणत्याच अधिनियमात रकाना नव्हता. पुरुषांमधील संबंध रोमन-डच परंपरेनुसार गुन्हा ठरत. स्त्री-स्त्री संबंधाला शिक्षा सांगणारा अधिनियम तेव्हा नव्हता.

हा सहिष्णुतेचा भाग होता असे कोणी समजू नये. १९२१ साली ब्रिटिश संसदेत स्त्रियांमधील संबंधांना गुन्हा ठरवण्याचा प्रस्ताव आला होता. लॉर्डांच्या सभागृहाने तो फेटाळला, तो दयेपोटी नाही. बहुसंख्य स्त्रियांना असे काही असते हे ठाऊकच नाही, मग कायदा करून ते त्यांच्या कानावर का घालावे, असा तेथील प्रमुख वक्त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे न बोलणे हीच तेथे बंदीची रीत ठरली. ‘न दिसणारे जग’ हा कादंबरीच्या नावाचा अर्थ मला या ठिकाणी उलगडतो. ते जग दडलेले आहे म्हणून दिसत नाही असे नाही. पाहणाऱ्यांनी ते न पाहण्याचे ठरवले आहे.

मग या दोघींना अडवते कोण? इथे कादंबरी आपल्या खऱ्या विषयाला हात घालते. ज्या वेळी पोलीस अधिकारी अमीनाच्या उपाहारगृहात शिरतो, त्या वेळी तो जेकबचे कागद तपासतो, कोण कोणाशेजारी बसून जेवते ते पाहतो. अमीनाचे मन कुणाकडे ओढ घेते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते पाहण्याचे काम भारतीय समाज करतो. आईवडील तिच्यासाठी स्थळे आणतात. बायका तिच्या कपड्यांवर बोलतात. ओमर पत्नीच्या जाण्यायेण्याचा, बोलण्याचा, गप्प राहण्याचाही हिशेब ठेवतो. तो स्वतः नात्यातल्याच एका स्त्रीशी संबंध ठेवून आहे, घरात ते अनेकांना ठाऊक आहे, आणि तरीही त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. मिरियम मात्र नणंदेला आसरा देते म्हणून तिच्यावर हात उगारला जातो.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. १९४९चा कायदा फक्त गोऱ्यांच्या कुंपणाची राखण करीत होता. भारतीय आणि कलर्ड, भारतीय आणि आफ्रिकन यांच्या विवाहांना त्याने मनाई केलेली नव्हती. ती मनाई भारतीयांनी आपली आपणच केली. आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे जोडशब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. समुद्र ओलांडताना लोकांनी ते पेटाऱ्यात घालून बरोबर नेले. अमीनाचे उपाहारगृह ही रोटीव्यवहाराची मोडतोड आहे आणि तिचे प्रेम ही बेटीव्यवहाराची. म्हणूनच एकाच पात्राच्या ठायी या दोन गोष्टी एकत्र येणे हा योगायोग वाटत नाही. अमीनाच्या आजीवर पूर्वी याच समाजाने केलेल्या अन्यायाची कथा लेखिका मध्येच सांगते, तीही याचसाठी. वरून लादलेल्या भिंतीला तिच्या आतल्या बाजूने टेकू देणारे हात आपलेच असतात, हे कादंबरी कोणताही उपदेश न करता दाखवते.

या संदर्भात १९१३ सालच्या एका खटल्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. हसन इसप नावाच्या गृहस्थाची पत्नी बाई मरियम हिला देशात प्रवेश नाकारण्यात आला आणि केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्मांच्या रीतीने झालेले विवाह त्या देशात कायदेशीर पत्नीत्व देत नाहीत. एका निवाड्यासरशी हजारो हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत. या अपमानाने कस्तुरबांसह अनेक स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या आणि १९१४च्या अधिनियमाने त्या विवाहांना मान्यता मिळाली. आमच्या नात्याला तुमच्या वहीत रकाना नसला तरी ते नाते खरे आहे, हेच त्या स्त्रियांचे म्हणणे होते. पुढे चाळीस वर्षांनी त्याच समाजातल्या, जवळजवळ त्याच नावाच्या एका कल्पित स्त्रीला तेच म्हणणे आपल्या माणसांपुढे मांडण्याची सोय नाही. लेखिकेला हा संबंध अभिप्रेत होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. वाचकाला तो दिसला की कथा एका घरापुरती राहत नाही.

आता कलाकृती म्हणून विचार करू. सरीफ यांचे मोठे यश प्रेमाच्या चित्रणातील संयमात आहे. या दोघींचे प्रेम आणाभाकांतून वाढत नाही. मळ्यासाठी जमीन खणणे, पाणी नेऊन देणे, मोटार चालवायला शिकणे अशा कामांतून ते आकार घेते. मिरियमच्या बाबतीत तर प्रेम आणि स्वतःचे मत असणे या दोन गोष्टी एकाच वेळी जाग्या होतात. मोटारीचे चाक हाती येते तेव्हा तिला प्रथमच कळते की आपल्याला कुठे जायचे आहे हा प्रश्न आपण स्वतःला आजवर विचारलाच नव्हता. शेवटही असाच संयत आहे. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. मिरियम नवऱ्याला सांगते की ती अमीनाच्या उपाहारगृहात काम करणार आहे. नोकरी करण्याचा निर्णय हा एका प्रेमकथेचा कळस असावा, हे वाचताना साधे वाटते. परंतु त्या घराच्या व्यवस्थेत स्वतःची मिळकत आणि स्वतःची वाट हीच खरी उलथापालथ होती. पुढे काय होईल हे लेखिका सांगत नाही, आणि सांगत नाही तेच योग्य आहे.

दोषही स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. पहिला दोष ओमरच्या चित्रणातला. तो एवढा एकसुरी कठोर आहे की मिरियमचे त्याच्यापासून दूर जाणे फार सोपे होऊन बसते. एखाद्या सुस्वभावी, प्रेमळ नवऱ्याच्या घरात हीच कथा घडली असती तर प्रश्न अधिक अवघड आणि अधिक खरा झाला असता. कारण वाईट नवरा हे या प्रेमाचे कारण नाही, आणि तसे ते आहे असा समज करून घेण्यास ही कादंबरी वाव देते. पतिसुख नाही म्हणून स्त्री स्त्रीकडे वळली, हे स्पष्टीकरण समाजाला सोयीचे असते. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटावरही हाच आक्षेप घेता येतो. ‘फायर’ १९९८ साली भारतात प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहांची मोडतोड झाली, आणि त्या गदारोळात हा साहित्यिक आक्षेप नीट मांडलाच गेला नाही.

दुसरा दोष अमीनाचा. ती जवळजवळ निर्दोष आहे. ती निर्भय आहे, उदार आहे, तिला स्वतःबद्दल शंका अशी पडतच नाही. १९५०च्या दशकातली स्त्री म्हणून ती पटावी यासाठी तिच्या मनात थोडा तरी काळोख हवा होता. तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या देशात बहुसंख्य लोक आफ्रिकन आहेत, त्या देशाच्या कथेत आफ्रिकन माणसे कडेलाच उभी राहतात. १९५२च्या जूनमध्ये आफ्रिकन आणि भारतीय संघटनांनी मिळून अन्यायी कायदे मोडण्याची मोठी मोहीम उभारली होती आणि त्यात आठ हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्या वादळाचा वारा या कथेच्या गाभ्याला फारसा लागत नाही. तसेच पात्रांची बोली, धर्माचरण, मूळ गाव यांचा तपशील पुसट आहे. घरात शिजणाऱ्या अन्नाचा वास येतो, पण घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचा येत नाही. ऐकीव आठवणींवर उभ्या राहिलेल्या लेखनाची ही मर्यादा होय.

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८१ साली ते रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली सुमित्रा उभी केली. स्वातंत्र्यपूर्व काळातले पुणे, महाविद्यालयातले नाटक, त्यात पुरुषाची भूमिका करताना सुमित्राला स्वतःबद्दल झालेला उलगडा आणि त्यानंतरची तिची फरपट हे सारे आपण तिचा मित्र बापू याच्या तोंडून ऐकतो. तेंडुलकरांची सुमित्रा ही अमीनापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. ती रागीट आहे, मत्सरी आहे, कधी कधी क्रूरही आहे, आणि म्हणूनच खरी आहे. परंतु तिची गोष्ट तिची स्वतःची नाही. ती मित्राच्या नजरेतून येते आणि आत्महत्येपाशी संपते. सरीफ यांची नायिका कलेच्या दृष्टीने कच्ची असेल, पण ती जगते. एका कृतीत माणूस पुरा आहे आणि भविष्य नाही. दुसरीत भविष्य आहे आणि माणूस थोडा अपुरा आहे. या दोहोंचा मेळ घालणारी कृती मराठीत यावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

या कादंबरीचा आपल्यासारख्या वाचकांशी असलेला संबंध सांगून हा विचार पुरा करतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. कोणी होळकर-शिंद्यांच्या लष्कराबरोबर आले, कोणी गायकवाडांच्या चाकरीत, कोणी निजामाच्या मुलखात. भाषा, सणवार, पंगतीची रीत आपण निष्ठेने सांभाळली आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु अल्पसंख्य समाज जेव्हा आपले वेगळेपण जपतो, तेव्हा त्या जपणुकीचा मुख्य भार स्त्रियांवर पडतो. मुलाने इथली भाषा उचलली तर ती व्यवहारचातुरी ठरते. मुलीने सोयरिकीची सीमा ओलांडली तर ती कुळाची हानी ठरते. ओमरच्या घराचे दार ओळखीचे वाटते ते यामुळेच. त्या दाराला कडी घालणारा माणूस कोणत्याही अर्थाने राक्षस नाही. तो परक्या मुलखात आपले माणूसबळ राखू पाहणारा एक भ्यालेला गृहस्थ आहे. लेखिकेने त्याचे हे भय दाखवले असते तर कादंबरी कितीतरी उंचीवर गेली असती.

शिवाय, समाजाने मनात आणले तर रकाना निर्माण करता येतो, हे आपल्या इंदूरने पाहिले आहे. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन युवतीशी विवाह करायचे ठरवले तेव्हा विरोध पुष्कळ झाला. तरीही तिचे धर्मांतर झाले, धनगर समाजात तिला दत्तक घेतले गेले, शर्मिष्ठादेवी हे नाव मिळाले आणि बडवाह येथे लग्न लागले. राजाच्या इच्छेपुढे शास्त्राला वाट सापडली. सामान्य घरातल्या मुलीच्या इच्छेपुढे ती का सापडू नये, हा प्रश्न कादंबरी मिटल्यावरही मनात राहतो.

दक्षिण आफ्रिकेत पुढे काय झाले हेही नोंदवले पाहिजे. मिश्र विवाहांवरील बंदी १९८५ साली उठली आणि वंशनोंदणीचा कायदा १९९१ साली रद्द झाला. १९९६च्या संविधानाने लैंगिक कल या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली; ते नाव घेऊन असे संरक्षण देण्यात तो देश जगात पहिला. मारी फूरी आणि सेसिलिया बाँथुईस या दोन स्त्रियांच्या दाव्यावर १ डिसेंबर २००५ रोजी तेथील संविधान न्यायालयाने निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स हे वर्णभेदविरोधी लढ्यात बॉम्बस्फोटात हात गमावलेले गृहस्थ. त्यानंतर ३० नोव्हेंबर २००६ पासून समलिंगी विवाहाला मान्यता देणारा तो जगातला पाचवा देश झाला. अमीना आणि मिरियम यांना अखेर रकाना मिळाला. तरीही २००८ साली त्या देशाच्या महिला फुटबॉल संघातून खेळलेल्या युडी सिमेलाने हिचा ती स्त्रीवर प्रेम करणारी होती म्हणून तिच्याच वस्तीत निर्घृण खून झाला, असे तेथील चळवळ आजही मानते. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील परस्परसंमत संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र अशा विवाहांना मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला.

कायदा बदलला म्हणजे काम झाले, अशी समजूत शासनात काम केलेल्यांची सहज होते. या कादंबरीचे वाचन ती समजूत ढिली करते. नोंदवहीत नवा रकाना आखायला एक अधिसूचना पुरते. घरातल्या माणसांनी घरातल्याच माणसाकडे पाहावे, आणि जे दिसते ते दिसले असे म्हणावे, यासाठी अधिसूचना काढता येत नाही. सरीफ यांची कृती थोर नाही. तिच्यात कच्चे दुवे बरेच आहेत. परंतु ज्या गोष्टीकडे सुशिक्षित कुटुंबांतूनही अजून मान वळवली जाते, त्या गोष्टीकडे ती शांतपणे आणि आदराने पाहावयास लावते. एवढ्याकरिता तरी ती आपल्या ग्रंथालयांत असावी, आणि केवळ असावी एवढेच नव्हे, तर घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी ती वाचून तिच्यावर एकमेकांशी बोलावे, असे मनापासून वाटते.